बांध, जाळं आणि जिताडा

परवा वीकेंडला अलिबागच्या खारेपाटात गेलो होतो. जिताड्याच्या तळ्यावर पाणकावळ्यांसाठी जाळं ताणलेलं, आणि त्यात अडकलेली धामण! शेतातले उंदीर खाणारी बिचारी. काकांनी जाळं कापून सोडवली.

इथे कुंपण काही नवीन नाही. समुद्र अडवायला मातीचे बांध पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खारजमिनींसाठी १९४८ साली कायदा झाला, १९७९ साली नवा आला. खारं पाणी थांबलं, भात पिकला. पण जिताडा जन्मतो खाऱ्या पाण्यात, आणि त्याची पिल्लं गोड्या पाण्याकडे येतात. बांधाने त्यांचीही वाट अडवली. आता पिल्लं खाडीत पकडून तळ्यात सोडतात.

फायरवॉल लावताना आम्ही आधी ठरवतो, कोणाला आत सोडायचं. बांधाला निदान उघाडी तरी असते. जाळ्याला कोण ठेवणार?