पहिला धडा: बारा ओळी

कुंग फू म्हटलं की तुम्हाला गुरू आणि त्याचा निवडक शिष्य आठवत असेल. १९१० मध्ये शांघायला सुरू झालेल्या जिंगवू संस्थेने ही चौकट मोडली. तिथे नवख्यांचा पहिला धडा असे उत्तर चीनमधला 'तानत्वेई'. हुई मुस्लिमांनी जोपासलेल्या प्रकारात लाथा-ठोशांच्या दहा छोट्या ओळी, जिंगवूत बारा. बहुतेक ओळींत एकच हालचाल, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. लक्षात ठेवायला सोपी, म्हणून अख्ख्या वर्गाला एकदम शिकवता येते. संस्थेचे आद्य गुरू हुओ युआनजिया त्याच वर्षी वारले, तरी वर्ग चालूच राहिले. पुढे स्त्रियाही शिकू लागल्या. विद्या गुपितं जपून टिकते, की पहिला धडा सगळ्यांना खुला करून? मला दुसरं पटतं.