व्हॅनमधील एंजिन-दर्शके : तेलदाब व शीतक-तापमान

एंजिनातील वंगण-तेलाचा दाब व शीतकाचे तापमान चालकाला बसल्या जागी कळावे म्हणून त्याच्या समोरील फलकावर बसविलेल्या तबकड्या व दिवे यांना एंजिन-दर्शके म्हणतात. दर्शक हा एंजिनाची स्थिती दाखवितो, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः संवेदक ज्या जागी बसविलेला असतो, तेवढ्याच जागेची स्थिती तो दाखवितो व तीही तार, भूसंबंधन आणि विद्युत् दाब ठीक असतील तरच. जुन्या व्हॅनच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास एंजिन कायमचे निकामी होते, तर खोट्या इशाऱ्यावर विसंबल्यास निर्दोष एंजिन विनाकारण उघडले जाते. म्हणून दोष शोधताना प्रथम साक्षीदाराचीच परीक्षा घ्यावी लागते. ही गरज कशी निर्माण झाली, हे दर्शकांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

प्रारंभीचा इतिहास : दाब मोजण्याचे भरवशाचे साधन मोटारगाडीहून जुने आहे. फ्रेंच तंत्रज्ञ अझेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये वक्र नळीच्या दाबमापकाचे एकस्व घेतले. एक टोक बंद असलेली चपटी, वाकविलेली धातूची नळी आतील दाब वाढताच किंचित सरळ होऊ लागते आणि ही हालचाल दंतचक्राद्वारे काट्याला मिळते. प्रथम वाफेच्या बाष्पित्रांवर वापरले गेलेले हे साधन पुढे मोटारगाडीत तेलदाब दाखविण्यासाठी आले.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या गाडीत सिलिंडराभोवतालचे पाणी उकळून वाफ होऊन जाई व त्याबरोबर उष्णताही निघून जाई. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ यांनी मानहाइम ते फोर्ट्सहाइम असा जो प्रवास केला, त्यात वाटेत वारंवार पाणी भरावे लागले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिल्हेल्म मायबाख यांनी मधमाशांच्या पोळ्यासारख्या रचनेचा रेडिएटर प्रचारात आणला व तेच पाणी पुनःपुन्हा वापरणे सुकर झाले. वंगणाचे तेल फलकावरील काचेच्या नळीतून थेंबाथेंबाने पडताना चालकाला दिसत असे. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी (१९०८–२७) या गाडीत तेलदाबाचा दर्शक नव्हता. तेलाची पातळी एंजिनाखाली वाकून दोन तोट्या उघडून पाहावी लागे.

१९१० नंतरच्या दशकात अमेरिकेत हॅरिसन बॉइस यांचा, रेडिएटरच्या टोपणावर बसणारा तापमापक लोकप्रिय झाला. त्याचा द्रवस्तंभ चालकाला काचेतून दिसत असे. तारा नसल्याने त्यात विद्युतीय दोष संभवत नव्हता. मात्र तो रेडिएटरच्या वरच्या भागातील बाष्पाचे तापमान दाखवी, सिलिंडराजवळचे नव्हे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फलकावरील तापमापकांनी त्याची जागा घेतली. याच सुमारास, १९२७ मध्ये, अमेरिकेत एथिलीन ग्लायकॉल हे गोठणरोधक म्हणून बाजारात आले. पाण्यात निम्म्या प्रमाणात मिसळल्यास त्याचे मिश्रण सु. −३७° से. पर्यंत गोठत नाही व पाण्यापेक्षा अधिक तापमानास उकळते. १९३०–४० या दशकात अमेरिकेतील हडसन गाड्यांत तेलदाब-काट्याऐवजी इशारा देणारा दिवा आला. काटा दाब किती व कसा बदलत आहे हे सांगतो. दिवा केवळ मर्यादा ओलांडली गेल्याचे सांगतो. खर्च वाचला व अननुभवी चालकाची सोय झाली, पण दोष हळूहळू वाढत असल्याची खूण फलकावरून नाहीशी झाली.

हवाशीतित ट्रान्सपोर्टर : या बदलाचे परिणाम फोक्सवागेन ट्रान्सपोर्टर या जर्मन व्हॅनमध्ये चांगले पाहावयास मिळतात. डच व्यापारी बेन पोन यांनी १९४७ मध्ये काढलेल्या रेखाटनापासून तिची कल्पना पुढे आली व मार्च १९५० मध्ये व्हॉल्फ्सबुर्क येथे उत्पादन सुरू झाले. मागील बाजूस असलेले तिचे ४ सिलिंडरांचे १,१३१ घ. सेंमी. चे एंजिन हवेने थंड होई; त्यामुळे शीतकाचा दर्शक नव्हता. या एंजिनात तेल अवघे २·५ लि. असे व गाळणीसाठी साधी जाळी असे. हे तेल वंगणाबरोबर शीतनाचेही बरेच काम करी. असे असूनही चालकाला मुख्यतः दोनच दिवे दिसत : एक तेलदाबाचा व दुसरा जनित्राचा.

जनित्राच्या दिव्याला येथे दुहेरी अर्थ होता. शीतन-पंखा व जनित्र एकाच पट्ट्यावर चालत असल्याने हा दिवा लागणे म्हणजे केवळ विद्युत् घटमालेचे भारण थांबणे नव्हे, तर पट्टा तुटून एंजिनाचे शीतन थांबले असण्याचीही शक्यता असे. भारणाचा किरकोळ दोष समजून गाडी तशीच पुढे नेल्यास एंजिन जळण्याचा धोका असे.

तेलदाबाच्या दिव्याची मर्यादा वेगळी होती. त्याचा स्विच सु. ०·१५ ते ०·४५ बार दाबास कार्य करतो. तेल ८०° से. व एंजिन मिनिटाला २,००० फेरे या स्थितीत दाब मात्र सु. २ बार हवा असतो. म्हणजे धारवे झिजून दाब निम्म्यावर आला, तरी दिवा विझलेलाच राहतो. शिवाय दिवा न लागणे हा निर्दोषतेचा पुरावा नाही. तार तुटली किंवा दिवा जळाला असला, तरी तो लागत नाही. म्हणून प्रज्वलनाची किल्ली फिरविताच, एंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागतो की नाही हे पाहणे ही पहिली परीक्षा होय.

जलशीतित ट्रान्सपोर्टर : व्हॅनची तिसरी पिढी १९७९ मध्ये हवाशीतित एंजिनासह आली. १९८१ मध्ये तिच्यात जलशीतित डीझेल एंजिन व १९८२ मध्ये १,९१३ घ. सेंमी. चे जलशीतित पेट्रोल एंजिन बसविण्यात आले. एंजिन मागे व रेडिएटर पुढे असल्याने शीतक लांब नळ्यांतून गाडीखालून फिरतो. पेट्रोल गाडीत तो १६ ते १७·५ लि. लागतो. अशा मांडणीत हवा अडकून राहण्याचा संभव मोठा असतो. म्हणून शीतक बदलल्यावर गाडीची पुढची बाजू उचलून, एंजिन चालू ठेवून, रेडिएटरच्या वरच्या स्क्रूवाटे हवा काढावी लागते. संवेदकाभोवती हवेचा बुडबुडा राहिल्यास एंजिन तापूनही काटा खालीच राहू शकतो. या एंजिनाची सिलिंडर-शीर्षे ॲल्युमिनियमाची असून शीतक रबरी गॅस्केटने अडविलेला असतो. जुन्या वा अयोग्य शीतकामुळे या जागी क्षरण होऊन गळती होते. म्हणून फॉस्फेटविरहित शीतक वापरणे व तो ठराविक काळाने बदलणे आवश्यक असते.

या व्हॅनच्या तापमापकातील लाल दिव्याचे लुकलुकणे शीतकाची पातळी घटल्याचाही इशारा देते. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून तेलदाबासाठी दोन स्विच आले : ०·३ बारचा एक व ०·९ बारचा दुसरा. मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वर ०·९ बार दाब नसल्यास दिव्याबरोबर भोंगाही वाजतो. दुसरा स्विच दाब आल्यावर मंडल पूर्ण करतो; त्यामुळे त्याची तार तुटली तर इशारा दडपला जात नाही, उलट तो मिळतो. जुन्या दिव्याच्या मौनातील धोका येथे दूर केलेला दिसतो.

दोषनिदान : तापमापक व इंधनदर्शक या दोहोंना सु. १० व्होल्टचा स्थिर दाब एकाच नियामकातून मिळतो. म्हणून दोन्ही काटे एकाच वेळी नेहमीपेक्षा वर दाखवू लागल्यास एंजिनाऐवजी नियामक किंवा फलकाचे भूसंबंधन यांवर संशय घ्यावा. फक्त तापमापक वर जात असेल, तर संवेदकाची तार काढून पाहावी. तार काढताच काटा खाली येत असेल, तर तार व तबकडी बहुधा ठीक असतात. मग संवेदक व शीतकाचे प्रत्यक्ष तापमान तपासावे. तार काढूनही काटा वरच राहिल्यास तार कोठेतरी गाडीच्या धातूला टेकली आहे किंवा तबकडीच बिघडली आहे, असे समजावे.

तेलदाबाचा दिवा लागल्यास मात्र क्रम उलटा असतो : प्रथम एंजिन बंद करावे, नंतर तेलाची पातळी पाहावी व त्यानंतरच स्विचवर संशय घ्यावा. केवळ वळणावर लुकलुकणारा दिवा कमी पातळी सुचवितो. फक्त गरम झाल्यावर मंद गतीत लागणारा दिवा पातळ झालेले तेल किंवा झिजलेले धारवे सुचवितो. तेल भरण्याच्या टोपणाखालील दुधी थर थोड्या अंतराच्या प्रवासात साचलेल्या दवाचाही असू शकतो. पण खुणेच्या पट्टीवरील तेलही दुधी असेल व शीतक घटत असेल, तर शीतक तेलात उतरत आहे. ग्लायकॉल धाऱ्यांना घातक असल्याने असे एंजिन चालवू नये. प्रसरण-टाकीत सतत बुडबुडे येणे हे ज्वलन-वायू शीतकात शिरत असल्याचे लक्षण असू शकते. एंजिन गरम असताना टाकीचे टोपण कधीही उघडू नये. दाबाखाली शीतक १००° से. च्या वरही द्रव राहतो व दाब सुटताच उसळून भाजतो.

ट्रान्सपोर्टरच्या तिसऱ्या पिढीचे उत्पादन दक्षिण आफ्रिकेत २००२ पर्यंत चालू राहिले, तर दुसऱ्या पिढीचे ब्राझीलमध्ये २०१३ पर्यंत. या काळात फलकावरील दिवे व विद्युतीय मंडले बदलत गेली. दाबाची निर्णायक परीक्षा मात्र बदलली नाही. शंका उरल्यास विद्युत् स्विच काढून त्याच भोकात नळीचा दाबमापक बसवितात व एंजिन गरम करून दाब वाचतात. दिवा लागत असूनही दाब योग्य आढळला, तर स्विच किंवा तार बदलून काम भागते. दिवा विझलेला असूनही दाब कमी आढळला, तर एंजिन उघडणे भाग असते. ज्या मापकावर हा निर्णय सोपविला जातो, तो तत्त्वतः बूर्दाँ यांचा १८४९ चाच होय.