नऊ नंबरची गाडी आणि काळापहाड

'पॉइंट अँड क्लिक' म्हणजे काय, ते घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी आधी सांगून टाकतो. या गेममध्ये बंदूक चालवायची नसते की गाडी पळवायची नसते. पडद्यावर एक खोली दिसते. माऊसचा बाण टेबलाच्या खणावर नेऊन टिचकी मारली की नायक खण उघडतो. माणसावर टिचकी मारली की बोलणं सुरू होतं आणि पुढे काय विचारायचं याचे चार-पाच पर्याय खाली उमटतात. सापडलेली वस्तू खिशात टाकायची आणि ती कुठे कामी येते याचा विचार करत डोकं खाजवत बसायचं. बस्स, एवढंच. आपण गोष्टच वाचत असतो, फक्त पान उलटायच्या आधी कोडं सोडवावं लागतं.

यातल्या एका प्रकारावर माझा विशेष जीव आहे. पावसात भिजलेलं शहर, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, झोप न झालेला गुप्तहेर आणि त्याच्याशी खोटं बोलणारी त्याचीच गिऱ्हाईकं. याला 'न्वार' म्हणतात. फ्रेंचमध्ये न्वार म्हणजे काळा. आता बोदवडच्या पोराला हे खूळ कुठून लागलं असं काकू अजून विचारतात. त्याचं उत्तर जरा लांबचं आहे, पण आपल्याच घरातून जाणारं आहे.

अमेरिकेत १९२० साली 'ब्लॅक मास्क' नावाचं मासिक निघालं. असली मासिकं लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या हलक्या, स्वस्त कागदावर छापत, म्हणून त्यांना 'पल्प' म्हणायचे. डॅशिएल हॅमेट हा पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत काम केलेला माणूस त्यात लिहायचा. त्याची 'द माल्टीज फाल्कन' १९२९ साली याच मासिकात क्रमशः आली. पुढे रेमंड चॅंडलरही तिथूनच वर आला. खून कोणी केला हे शोधताना शहर किती सडलंय हेच कळत जावं, हा या लेखकांचा खाक्या.

आपल्याकडे स्वस्त कागदावरचा राजा होता बाबुराव अर्नाळकर (१९०७ ते १९९६). खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराच्या वर रहस्यकथा एकट्याने लिहिल्या! झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं आमच्या आबांच्या पिढीला नातेवाइकांच्या नावांसारखी पाठ. ही पुस्तकं वाचनालयातून यायची, एका घरातून दुसऱ्या घरात जायची, भुसावळच्या गाडीत वाचून संपायची आणि शेवटी भजी बांधायला जायची. समीक्षकांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढे सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी, दारा बुलंद आले. ते माझ्या वडिलांच्या पिढीचे.

मात्र काळापहाड आणि हॅमेटचा गुप्तहेर सारखे नाहीत, हेही सांगायला हवं. आपले नायक कायद्याच्या अलीकडे-पलीकडे वावरले तरी शेवटी न्याय करून मोकळे होतात, आणि वाचक निवांत झोपतो. न्वारमध्ये खुनी सापडतो, पण झोप लागत नाही.

गंमत बघा, या काळ्या प्रकाराला नाव अमेरिकेत मिळालं नाही. पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने १९४५ साली अशा कादंबऱ्यांची 'सेरी न्वार' ही माला काढली आणि १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने तशा अमेरिकन सिनेमांना 'फिल्म न्वार' म्हटलं. आपल्या मुंबईनेही हा वेष चढवायला उशीर लावला नाही. गुरुदत्तचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा 'बाजी' (१९५१), मग राज खोसलाचा 'सी.आय.डी.' (१९५६). टोपी, सिगारेट, क्लबातली गाणी, सगळं आलं. फक्त शेवट गोड करून :)

कॉम्प्युटरवर ही वाट १९८० च्या 'मिस्टरी हाऊस'पासून सुरू होते. रोबर्टा आणि केन विल्यम्स या नवराबायकोने केलेला हा गेम, साध्या रेघांची चित्रं आणि खाली आज्ञा टाइप करायच्या. नेमका शब्द सुचला नाही की अडलंच. १९८४ साली माऊसवाला मॅकिंटॉश आला आणि पुढच्याच वर्षी आयकॉम कंपनीने त्यावर 'देजा व्हू' काढला. १९४१ चं शिकागो, बारच्या संडासात शुद्धीवर आलेला एक जुना बॉक्सर आणि आता गुप्तहेर, आणि स्वतःचं नावही आठवत नाही. माऊसने खिसे चाचपत तो स्वतःलाच शोधतो. न्वारसाठी याहून चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही. १९८७ मध्ये लुकासफिल्मने 'मॅनियाक मॅन्शन' काढला, त्यासाठी बनवलेल्या 'स्कम' नावाच्या यंत्रणेवर पुढची दहा वर्षं एकाहून एक गेम झाले.

आणि मग १९९८ चा 'ग्रिम फँडँगो'. टिम शेफरचा. (हा मुळात कीबोर्डवर चालायचा, माऊसवर नाही. पण बाकी जात तीच, त्यामुळे भांडू नका.)

आमच्याकडे तो आला २००५ च्या पुढेमागे, दोन सीड्यांवर, पुण्याच्या आतेभावाच्या बॅगेतून. तेव्हा बोदवडला भारनियमन असं होतं की गेम खेळायचा तो घड्याळाकडे बघत. लढाईचे गेम अशात बुडतात. हा मात्र पाच-पाच मिनिटांनी साठवून ठेवता यायचा, आणि वीज गेल्यावर अंधारात ओट्यावर बसून पुढचं कोडं सोडवता यायचं. खरं सांगायचं तर निम्मा गेम मी वीज नसताना खेळलो.

गोष्ट मेलेल्या माणसांच्या देशात घडते. मेक्सिकोत २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो, आपल्याकडे आखाजीला पितरांची घागर पुजतात तसंच काहीसं. तिथली श्रद्धा अशी, की मेल्यावर आत्म्याला विसाव्याच्या जागी पोचायला चार वर्षं चालावं लागतं. आजीला हे सांगितलं तर तिला जराही नवल वाटलं नाही. गेमचा नायक मॅनी कालाव्हेरा हा निळ्या सुटातला सांगाडा, धंद्याने ट्रॅव्हल एजंट. मेलेला माणूस आला की त्याच्या पुण्याईचा हिशेब बघून त्याला प्रवासाचं पॅकेज विकायचं. फारच चांगला जगला असेल तर 'नऊ नंबर'च्या गाडीचं तिकीट, चार वर्षांचा प्रवास चार मिनिटांत. अगदीच बेताचा असेल तर हातात एक काठी, मुठीत होकायंत्र बसवलेली, आणि चालू लाग बाबा.

मॅनीला चांगलं गिऱ्हाईकच मिळत नाही. शेजारच्या एजंटाला मात्र रोज पुण्यवान लोक. म्हणून तो ऑफिसातल्या निरोपांच्या नळीत बिघाड करतो. दोन फुग्यांत दोन वेगळी रसायनं भरून आत सोडतो, ती एकत्र येऊन फेस फुगतो आणि नळी तुंबते. (हे शोधायला मला चार दिवस लागले, म्हणजे चार भारनियमनं.) मग तो एक गिऱ्हाईक पळवतो. मर्सेडिस नावाची बाई, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजलेली. तिला गाडीचं तिकीट मिळायलाच हवं, पण मॅनीच्या कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही. ती बिचारी पायी निघते. तिचं तिकीट गेलं कुठे?

आमचं गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं. मोठ्या गाड्या धडधडत न थांबता जाताना बघत आम्ही वाढलो. दिवाळीत मुंबईचं तिकीट कोणाला मिळतं, कसं मिळतं आणि खिडकी उघडल्यावर दोन मिनिटांत कसं संपतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे पुण्यवानांची तिकिटं चोरून श्रीमंतांना विकली जातायत, आणि चोर बाहेर अंधारात नसून ऑफिसातच बसलाय, हे मला मॅनीच्या आधी कळलं होतं. माझ्या मते न्वार म्हणजे हेच. पाऊस आणि टोपी हा वरचा साज.

आबा मागे खाटेवर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "हा कोनाले मारत नाही, काही नाही. निस्ता इचारतच फिरते का रे?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाले, "मंग काळापहाडासारखंच हाये की. फक्त तुले शेवटचं पान आधी पाह्यता येत नाही."

'ग्रिम फँडँगो'चं कौतुक खूप झालं, पण अपेक्षेइतका तो खपला नाही. २००० नंतर लुकासआर्ट्सने असे गेम काढणंच थांबवलं आणि २०१३ मध्ये तो स्टुडिओही बंद झाला. गेम २०१५ साली नव्याने आला. त्यात माऊसने खेळायची जी सोय आहे, ती आधी एका चाहत्याने स्वतःच्या हौसेने केली होती!

'ब्लेड रनर'ची कथा याहून वाईट. वेस्टवुड स्टुडिओचा हा १९९७ चा गेम, चार सीड्यांचा. २०१९ च्या नोव्हेंबरातलं पावसाळी लॉस एंजेलिस, आणि रे मॅकॉय हा पोलीस खरी माणसं व कृत्रिम माणसं ओळखत फिरतो. त्यातली खुबी अशी की काही पात्रं माणूस की कृत्रिम, हे दर वेळी नवा खेळ सुरू करताना कॉम्प्युटर नव्याने ठरवतो. म्हणजे मित्राने सांगितलेलं उत्तर तुमच्या खेळात खोटं ठरू शकतं. २००३ मध्ये वेस्टवुड बंद पडला, सामान हलवाहलवीत गेमचा मूळ प्रोग्राम हरवला. गुप्तहेराच्या गेमचंच असं झालं. मग 'स्कमव्हीएम' या प्रकल्पातल्या लोकांनी, (जुने गेम नव्या यंत्रांवर चालावेत म्हणून २००१ पासून फुकट राबणारी ही मंडळी) विकलेल्या सीड्यांवरून उलटं शोधत तो प्रोग्राम पुन्हा रचला. अनेक वर्षं लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो लोकांना मिळाला, गोष्टीतल्या नोव्हेंबरच्या ऐन तोंडावर.

ज्या गोष्टीला कोणी प्रतिष्ठा देत नाही तिची मूळ प्रतही कोणी सांभाळत नाही. गेमवाल्यांना निदान हे वीस वर्षांत उमगलं. अर्नाळकरांची काही पुस्तकं अधूनमधून पुन्हा छापली गेली, पण हजारातली किती? आबांच्या ट्रंकेत सात निघाली. दोघांना कव्हर नाही, एकाची शेवटची पानं वाळवीने खाल्लीत आणि खुनी कोण ते आता आबांनाही आठवत नाही. मी ती मोबाइलवर पानापानाने फोटो काढून ठेवतोय.

तेव्हा मलकापूर, वरणगाव, जामनेरच्या नातेवाइकांनो, माळे झाडायला काढाल तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मला एक फोन करा. फाटकं असलं तरी चालेल, नुसती शेवटची पानं असली तर फारच उत्तम.