बीबी का मकबरा : मेहराब आणि पश्चिमेची मशीद

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील ही वास्तू औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम (मृत्यू १६५७) हिच्या दफनस्थानावर उभी असून ती १६६० च्या सुमारास पूर्ण झाली. तिच्या रचनेत मेहराब कोठे आहे, हे नीट पाहिल्याशिवाय ती पुरती कळत नाही. मेहराब म्हणजे मक्केतील काबाची दिशा (किब्ला) दाखवण्यासाठी भिंतीत घडवलेला कमानदार कोनाडा. महाराष्ट्रातून ही दिशा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली पडते आणि दफनातही मृताचे शरीर दक्षिणोत्तर ठेवून चेहरा तिकडेच वळवतात. म्हणून कबरीच्या दालनात पश्चिम भिंतीला विशेष मान असतो.

मात्र दिसेल तो कमानदार कोनाडा मेहराब नव्हे, आणि येथे हा घोटाळा सहज होतो. दर्शनी बाजूंच्या उंच, खोलगट कमानी म्हणजे पिश्ताक. त्या प्रवेशाला भव्यता देतात, तर भिंतींतील लहान ताक शोभेचे किंवा दिवा ठेवण्याचे असतात. दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यात पश्चिमेकडील संगमरवरी जाळीतच मेहराबीची आकृती कोरून तिच्यातून उजेड आत घेतला आहे, ही कल्पना फारच सुंदर आहे. ताजमहालात नमाजाची मेहराब कबरीपासून दूर, पश्चिमेच्या स्वतंत्र मशिदीत गेली; समोर पूर्वेला तोल साधणारा ‘जवाब’ बांधला, पण त्यात मेहराब नाही.

बीबी का मकबऱ्यातही नमाजाची जागा कबरीपासून वेगळी आहे. कबर खालच्या पातळीवर, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत असून ती वरच्या सज्जातून दिसते. चौथऱ्यावर पश्चिमेला असलेली छोटी मशीद मूळ आराखड्यातील नसून हैदराबादच्या निजामाच्या काळातील मानली जाते, आणि तिच्यामुळे त्या बाजूचे प्रवेशद्वार बंद झाले. तिला पूर्वेकडे जोड नाही. तरीही पाच पाकळीदार कमानींचा तिचा दर्शनी भाग आणि त्यावरचे गिलाव्याचे नाजूक वेलबुट्टीकाम दुर्लक्षावे असे मुळीच नाही. संगमरवराला डोळे सरावलेले पाहुणे ते न पाहताच परततात.