लोकांचा शाप आणि धान्याची कोठारं

धान्य दाबून ठेवणाऱ्याच्या वाट्याला लोकांचे शाप येतात, अशा अर्थाचं एक वचन बायबलच्या जुन्या करारात आहे. ज्या पुस्तकात ते येतं, त्याला मराठीत ‘नीतिसूत्रे’ म्हणतात. पुस्तक हिब्रू भाषेतलं. ते राजा शलमोनाच्या नावावर चालतं. आम्ही मुसलमान त्यालाच हजरत सुलेमान म्हणतो. पण सगळी वचनं शलमोनाची नाहीत, हे ते पुस्तक स्वतःच सांगतं. काही वचनं हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतली, काही आगूर नावाच्या माणसाची आहेत आणि काही तर लमुएल नावाच्या राजाला त्याच्या आईनं शिकवलेली.

या पुस्तकात तीन माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. शहाणा, मूर्ख आणि दुर्जन. ओळखायला सोपी वाटतात. पण गावात, बाजारात, देवळात शिरलं की पंचाईत होते. मूर्ख कोण आणि दुर्जन कोण हे ठरवायचं कुणी? पुस्तक तर सगळ्यांना हाताशी धरता येतं. आळशी माणसानं मुंगीकडे जाऊन शिकावं, असं त्यात आहे. सुस्त हातानं दारिद्र्य येतं, असंही आहे. श्रीमंताची संपत्ती हा त्याचा कोट आहे, हेही आहे. एखाद्या शेठजीनं एवढीच वचनं निवडून घेतली, तर गरीब आपल्याच आळसानं गरीब आहे असं तो बायबलचा हवाला देऊन सांगू शकतो. सांगणारे सांगतही आलेत. म्हणून सोळाशे वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती धर्मगुरूनं याच पुस्तकातली कोणती वचनं उचलली आणि कुणासमोर ठेवली, ती हकिकत मला महत्त्वाची वाटते.

त्यांचं नाव बेसिल. जन्म इ.स. ३३० च्या सुमाराचा. गाव कैसरिया, आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी. त्या वेळी हा प्रांत कप्पदुकिया म्हणून ओळखला जाई. डोक्यावर एर्जियेस नावाचा बर्फाळ डोंगर, सभोवती उंच पठार आणि समुद्र दूर. बेसिल मोठ्या जमीनदार घराण्यातले, अथेन्समध्ये शिकून आलेले. वक्तृत्वाची विद्या त्यांच्या हाडीमाशी मुरलेली होती. नाझियांझसचे ग्रेगरी हे त्यांचे तिथले सहाध्यायी आणि जन्माचे मित्र.

इ.स. ३६९ च्या सुमारास या प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बेसिल तेव्हा कैसरियात साधे पुरोहित होते. बिशप व्हायचे होते. दुष्काळाचं अर्थशास्त्र ग्रेगरींनी दोन-चार ओळींत नेमकं मांडलं आहे. किनाऱ्यावरच्या शहरांना अशी टंचाई सोसता येते, कारण आपल्याकडचं जास्तीचं द्यायला आणि नसलेलं आणायला समुद्र असतो. आतल्या मुलखातल्या लोकांनी काय करायचं? बैलगाडीनं आणून आणून धान्य किती आणणार? मग ज्याच्या कोठारात माल आहे, तोच राजा. ग्रेगरी म्हणतात, की दुष्काळात सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे साठा असलेल्यांचा निर्दयपणा. हे लोक वेळेवर डोळा ठेवून बसतात आणि दुसऱ्याच्या उपासमारीचं पीक कापतात. तिथेच त्यांनी ‘नीतिसूत्रे’तली दोन वचनं आठवली आहेत. एक, धान्य अडवणाऱ्याला मिळणाऱ्या शापाचं. दुसरं, गरिबावर दया करणारा देवालाच कर्ज देतो, या अर्थाचं.

बेसिल यांनी या काळात दिलेली प्रवचनं आज उपलब्ध आहेत. एका प्रवचनात कोरडं निरभ्र आकाश आहे, भेगाळलेली जमीन आहे, भुकेनं सुकत जाणारं शरीर आहे. हाडांना चिकटलेली कातडी, खोल गेलेले डोळे, क्षीण झालेला आवाज. हे वाचताना मराठी माणसाला परकं काही वाटत नाही. त्यातच एक बारीकशी नोंद येते. पावसासाठी प्रार्थना ठेवली, तर मोठी माणसं आपापल्या धंद्यात गुंतलेली. प्रार्थनेला आली ती शाळेतली पोरं. पाट्या-पुस्तकं टाकून, सुट्टी मिळाली म्हणून खुशीत आलेली! ज्यांनी गुन्हा केला ते घरी, आणि ज्यांना काही कळत नाही ती लेकरं क्षमा मागायला, असा टोला बेसिल मारतात.

दुसरं प्रवचन येशूच्या एका दृष्टान्तावर आहे. एका श्रीमंताच्या शेतात अमाप पीक येतं. तो म्हणतो, जुनी कोठारं पाडतो आणि मोठी बांधतो. देव त्याला मूर्ख म्हणतो, कारण त्याच रात्री त्याचा प्राण जाणार असतो. बेसिल इथे फार मार्मिक गोष्ट टिपतात. पीक घरात मावेना तेव्हा हा श्रीमंत पहिल्यांदा काय म्हणतो? आता मी काय करू? अहो, हे तर भुकेल्या माणसाचे शब्द! घरात दाणा नसलेला जे बोलतो, तेच घर भरलेला बोलतो आहे. मूर्खपणाची याहून नेमकी खूण मी तरी वाचलेली नाही. कोठारंच हवी असतील तर गरिबांची घरं आहेत की, असंही ते त्याला सुचवतात.

मग त्या प्रवचनात एक बाप येतो. घरात काही उरलेलं नाही आणि पोटची मुलं गुलामांच्या बाजारात उभी करायची वेळ आली आहे. थोरल्याला विकू? पण त्याचा थोरलेपणाचा मान आहे. धाकट्याला? तो तर अजून अजाण. कुणाचा चेहरा आई-बापावर गेलेला, कुणी अभ्यासात हुशार. एकाला विकून बाकीच्यांना जगवायचं, तर त्या अन्नाचा घास उरलेल्यांच्या तोंडात कसा घालायचा? बाप रडत येतो आणि समोरचा धान्यवाला भाव करत बसतो. इथे बेसिल शापाचं ते वचन घालतात. त्यांच्या ग्रीक पाठात धान्य ‘दाबणारा’ नाही, धान्याचा भाव ‘ओढून वर नेणारा’ आहे. आणि असा माणूस लोकशापित आहे, हे सांगायला एकच जोडशब्द आहे. प्रवचन ऐकायला समोर बसलेल्यांत असे भाव ओढणारे असणार, हे उघड आहे.

भाषांतराचीही एक गंमत इथे आहे. मूळ हिब्रूत वचनाच्या उत्तरार्धात आशीर्वाद मिळतो तो धान्य विकणाऱ्याला. म्हणजे अपेक्षा माफक आहे: बाबा, फुकट देऊ नकोस, पण बाजारात तरी आण. प्रचलित ग्रीक भाषांतरात मात्र विकणाऱ्याच्या जागी वाटा देणारा आला. हिब्रू जाणणारे व्यापाराचा धर्म शिकले, ग्रीक वाचणारे वाटून खायला शिकले. एका क्रियापदाचा फरक! आमच्या इस्लामी कायद्यातही भाव चढावा म्हणून धान्य रोखण्याला ‘इहतिकार’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो निषिद्ध मानलेला आहे.

बेसिल यांचं खास ‘नीतिसूत्रे’च्या प्रारंभावरही एक प्रवचन आहे. वडीलधाऱ्यांनी हा विषय लावून दिला; मुरलेला शिकारी आपल्या पिलांना अवघड जागी पळवून बघतो तसं झालं, असं ते विनोदानं म्हणतात. ‘म्हण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात ‘वाट’ दडलेली आहे, म्हणून म्हण म्हणजे वाटेवर चालताबोलता उच्चारलं जाणारं वचन, ही त्यांची व्युत्पत्ती मला आवडते. पुस्तकाच्या सुरुवातीला भोळ्यांना चातुर्य मिळावं असं म्हटलं आहे. तिथला ग्रीक शब्द लबाडीलाही वापरतात. बेसिल तो शब्द टाकून देत नाहीत. दुसऱ्याला बुडवायला वापरलं तर ते दुष्टपण, आणि कुणी आपल्याला बुडवू नये म्हणून वापरलं तर शहाणपण, असा भेद करतात. गरिबानं भोळंच राहावं, असं त्यांना वाटत नव्हतं.

सावकारीवरचं त्यांचं प्रवचन तर आजही झोंबेल. ग्रीक भाषेत व्याजाला जो शब्द आहे, त्याचा दुसरा अर्थ ‘अपत्य’. बेसिल हा शब्द धरून बसतात. ससा पिल्लांना पाजता पाजता पुन्हा गाभण राहतो म्हणे. सावकाराचा पैसा जन्मताच वितो. आणि कर्ज घेणाऱ्याला ते ‘नीतिसूत्रे’तलंच वचन सांगतात, की आपल्याच हौदातलं पाणी पी. आपल्याकडे ‘व्याज’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ कपट असा आहे. निष्कपट प्रेमाला आपण ‘निर्व्याज’ म्हणतो ते त्यामुळेच. दोन भाषांना दोन वेगवेगळ्या खुणा दिसल्या, एवढंच.

बोलून झालं, पुढे काय? ग्रेगरी सांगतात, की बेसिल यांना आभाळातून अन्नाचा पाऊस पाडता येत नव्हता. पण त्यांनी शब्दांनी श्रीमंतांची कोठारं उघडली. दामाजीपंतांची कथा आपल्याला आठवणारच. परंपरेप्रमाणे दामाजींनी सरकारी कोठारं लुटवली. बेसिल यांना खासगी कोठारं, तीही मालकांच्या संमतीनं उघडायची होती. ते अधिक कठीण असावं. स्वतःची वडिलोपार्जित मालमत्ता त्यांनी विकली. उपासमारीनं जेमतेम श्वास घेणारी माणसं, बाया, मुलं, म्हातारी एका जागी गोळा केली. वाटाण्याच्या पातळ आमटीचे हंडे आणि खारवलेलं मांस असं ते जेवण होतं. कमरेला फडकं बांधून ते स्वतः आणि त्यांचे नोकर वाढत होते. त्यांचे धाकटे भाऊ, निस्साचे ग्रेगरी, आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतात: या अन्नछत्रात यहुद्यांच्या मुलांनाही बरोबरीचा वाटा होता. बहीण माक्रिना हिनं तर दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या मुलींना उचलून घरी नेलं आणि वाढवलं.

बेसिल यांचं सगळंच मला पटतं असं नाही. दुष्काळ हा आपल्या पापाचा दंड आहे, असं ते सांगतात. शेतात राबून उपाशी मरणाऱ्याला हे ऐकवणं कठोर आहे, जरी त्यांच्या लेखी ते पाप म्हणजे वाटून न खाणं हेच असलं तरी. आणि मुलं ज्या गुलामांच्या बाजारात उभी राहिली, त्या बाजारावर त्यांनी हल्ला चढवलेला नाही. गुलामगिरीवरच सरळ घाव घालणारं प्रवचन पुढे त्यांच्या या धाकट्या भावानं दिलं.

मराठीशी या सगळ्याचा एक धागा जुळतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातमधून दुष्काळात सापडलेल्या शेकडो बायका-मुली केडगावला आणल्या. त्याच रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालं. धान्य अडवणाऱ्याचं वचन मराठीत लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोणते चेहरे आले असतील, हा विचार मनातून जात नाही.

बेसिल ३७० साली बिशप झाले. त्यांनी शहराबाहेर एक वसाहत उभारली. तिथे वाटसरूंना निवारा, आजाऱ्यांना वैद्य आणि शुश्रूषा करणारे, महारोग्यांना जागा. प्रांताच्या सुभेदाराकडे तक्रार गेली, की हे बिशप राज्यकारभारात लुडबूड करतात. बेसिल यांचं त्याला लिहिलेलं पत्र शिल्लक आहे. वाटसरूंना आणि आजाऱ्यांना आसरा बांधला, त्यात आम्ही कुणाचं नुकसान केलं, एवढंच ते विचारतात. ३७९ मध्ये ते वारले. अंत्ययात्रेला इतकी गर्दी झाली, की चेंगराचेंगरीत काही माणसं दगावली. ग्रेगरी लिहितात, ख्रिस्ती लोकांच्या बरोबरीनं यहुदी, मूर्तिपूजक आणि परमुलखातले लोक रडत होते, आणि त्या रडण्यापुढे भजनांचा आवाज ऐकू येत नव्हता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)