ट्रकचे पाटे स्वतः बदलायला घेतले की अर्ध्या दिवसाचं काम तीन दिवस का चालतं?

मोबाईलवर १५ मिनिटांचा व्हिडिओ असतो. चार नट सोडले, जुने पाटे काढले, नवे बसवले, गाडी तयार. बघून वाटतं, एवढ्यासाठी गॅरेजवाल्याला मजुरी कशाला द्यायची? ज्याची एकच गाडी आहे आणि तिच्यावरच बँकेचा हप्ता चालू आहे, त्याला तर हे हमखास वाटतं.

मग रविवारी सकाळी काम सुरू होतं. दुपारपर्यंत पहिला नटही हललेला नसतो. संध्याकाळी पाना वाकलेला असतो आणि सोमवारचं भाडं हातातून जातं.

हे असं का होतं आणि यात नुसता वेळच जातो की जीवही जाऊ शकतो, ते समजून घेऊ.

पाटे नेमकं काय काम करतात?

बहुतेक ट्रक आणि पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर पोलादी पट्ट्यांची चळत दिसते. त्यालाच आपण पाटे किंवा कमान म्हणतो. सगळ्यात वरचा लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात आणि त्या डोळ्यांतून पिन जाते.

खड्डा आला की कमान सपाट होते, आणि सपाट झाली की तिची लांबी वाढते. ही वाढलेली लांबी सामावून घ्यायला एका टोकाला झुलणारी कडी असते, तिला शॅकल म्हणतात. सगळे पाटे मधोमध सेंटर बोल्टने जोडलेले असतात आणि यू बोल्टने ॲक्सलला आवळलेले असतात.

म्हणजे पाटे फक्त वजन उचलत नाहीत, ॲक्सल जागेवर धरून ठेवायचं कामही तेच करतात. म्हणून पाटा तुटला तर गाडी नुसती झुकत नाही, ॲक्सल तिरका होऊन ती एका बाजूला ओढायला लागते.

पहिली अडचण : नट सुटतच नाही

व्हिडिओतली गाडी बऱ्याचदा स्वच्छ असते. आपली गाडी मात्र पावसाळ्यातला चिखल, खत, वाळू, मीठ सगळं खाऊन आलेली असते. यू बोल्टचे आटे गंजून नटाशी एकजीव झालेले असतात. ग्रीस वेळेवर मारलं नसेल तर पिनही डोळ्यात जाम होते.

अशा वेळी पान्याला लांब पाइप लावून जोर लावला जातो. मग नट गोल होतो, बोल्ट तुटतो, नाहीतर पाना सटकून हात फुटतो. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवलं तर बरंच काम सोपं होतं. तरीही नाही सुटला, तर ग्राइंडरने यू बोल्ट कापणं हा सरळ मार्ग आहे. तसेही ते नवेच घालायचे असतात.

गॅसची ज्योत मात्र पाट्यावर जाऊ देऊ नका. पाट्याचं पोलाद आधी तापवून कडक केलेलं आणि मग ठराविक तापमानाला लवचिक केलेलं असतं. जिथे ज्योत लागते तिथला हा गुण जातो, आणि पुढे पाटा तिथेच बसतो किंवा मोडतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग का टिकत नाही, त्याचं कारणही हेच.

दुसरी अडचण : जिथे खरा धोका आहे

जड ट्रकच्या मागच्या पाट्यांचा एक संच सहज ५० किलोच्या वर जातो. पण खरा धोका त्याच्या वजनापेक्षा त्यात दाबून ठेवलेल्या ताकदीचा असतो. प्रत्येक पाट्याची गोलाई वेगळी असते आणि सेंटर बोल्ट त्यांना एकमेकांवर दाबून धरतो. तो बोल्ट तसाच सोडला तर पाटे उसळतात. म्हणून आधी दोन्ही बाजूंना मजबूत शिकंजा लावतात आणि मगच बोल्टला हात घालतात.

दुसरा धोका जॅकचा. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. त्याचं सील गेलं किंवा खालची माती दबली तर गाडी थेट अंगावर येते. चेसिसखाली लोखंडी घोड्या लावलेल्या हव्यात आणि जमीन पक्की हवी. यू बोल्ट सुटले की ॲक्सल मोकळा होतो, तेव्हा त्याच्याखालीही वेगळा आधार लागतो. नाहीतर तो फिरतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे.

हवेचं सस्पेन्शन असेल तर आधी फुग्यांतली हवा पूर्ण काढल्याशिवाय एकही नट सोडू नये.

बसवले, पण महिन्याभरात पुन्हा आवाज. असं का?

याची कारणं ठरलेली आहेत.

- जुने यू बोल्ट परत वापरले : एकदा आवळून ताणलेला बोल्ट तीच पकड पुन्हा देत नाही.
- अंदाजाने आवळलं : यू बोल्ट किती आवळायचे याचा आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. त्यासाठी टॉर्क पाना लागतो. चारही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे असतात.
- पुन्हा आवळलं नाही : गाडी चालल्यावर नवे पाटे दबून बसतात आणि पकड सैल होते. म्हणून काही शे किलोमीटरनंतर यू बोल्ट परत तपासायचे. चाकाचे नट तर त्याआधीच, ५० ते १०० किलोमीटरवर.
- चाक हवेत असताना रबरी बुश आवळले : गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. गाडी स्वतःच्या वजनावर उभी करूनच शेवटचं आवळायचं.
- एकाच बाजूचे पाटे बदलले : नवी बाजू उंच, जुनी बाजू बसकी. गाडी झुकलेलीच राहते.

तुटलेला पाटा फेकण्याआधी नीट बघा

पाटा कुठे तुटला यावरून का तुटला ते बऱ्यापैकी कळतं. मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तुटला असेल तर यू बोल्ट सैल असण्याची शक्यता जास्त. मधल्या पकडीच्या बाहेर तुटला असेल तर वजन जास्त झालं किंवा पोलाद थकलं. डोळ्याजवळ मोडला असेल तर पिन, बुश आणि शॅकल तपासा.

कारण न शोधता नवा पाटा घातला तर तोही त्याच जागी तुटतो.

“एक पाटा वाढवून टाकू”, हे बरोबर आहे का?

वाळू, ऊस, विटा भरणाऱ्या गाड्यांमध्ये हा उपाय सर्रास होतो. गाडी बसत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण पाटा वाढवल्याने ब्रेक, टायर, ॲक्सल आणि चेसिस यांची ताकद वाढत नाही. आधी जो धक्का पाटे खात होते, तो आता चेसिसकडे जातो.

त्याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. अनेक पिकअप आणि काही ट्रकमध्ये मागच्या ब्रेकचा दाब चेसिस आणि ॲक्सलमधल्या अंतरावरून ठरतो. गाडी बसली की व्हॉल्व्हला कळतं की माल भरलाय, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवल्यावर भरलेली गाडीही उंच राहते. व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि दाब कमी ठेवतो. मग घाट उतरताना भरलेल्या गाडीला मागचे ब्रेक पुरे पडत नाहीत.

कायद्यानेही यात फायदा नाही. पाटे वाढवले म्हणून आरसी बुकवरचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा मालासाठी २० हजार रुपये दंड आहे, आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार.

मग स्वतः काय करायचं आणि काय नाही?

पिनांना ग्रीस मारणं, यू बोल्ट तपासणं, पाट्यांना चीर गेली आहे का ते बघणं, शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळतंय का ते पाहणं, ही कामं मालक किंवा ड्रायव्हर आरामात करू शकतो. ग्रीस मारताना चेसिस जॅकवर उचलून पाट्यांवरचा भार कमी केला, आणि घोड्या लावल्या, तर ग्रीस पिनच्या दाबल्या गेलेल्या बाजूपर्यंत पोहोचतं.

पूर्ण संच उतरवणं, सेंटर बोल्ट बदलणं, बुश ठोकून काढणं ही कामं मात्र घोड्या, शिकंजा, टॉर्क पाना आणि मदतीला दुसरा माणूस असेल तरच हाती घ्यावीत. यातलं एक जरी नसेल तर पाट्यांचं काम करणाऱ्याकडे गाडी न्यावी. तिथेही उभं राहून दोन गोष्टी विचारा : यू बोल्ट नवे घातले का, आणि परत आवळायला गाडी कधी आणू?