काचेमागचा आवाज

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत, आमच्या साखरशेतच्या आसपासच्या गांवांतून, उन्हाळ्यांत बोहाडा भरतो. रात्रीं टेंभ्यांच्या उजेडांत, संबळ-सनईच्या ठेक्यावर गणपति, शारदा, नरसिंह, रावण अशीं सोंगें एकामागून एक नाचत येतात. त्यांतलीं बहुतेक सोंगें मुकीं असतात. मुखवट्याचे ओठ हलत नाहींत, म्हणून आंतला माणूसही बोलण्याच्या भरीस पडत नाहीं. पावलांवरून आणि वाद्याच्या चालीवरून लोक सोंग ओळखतात. शहरवासी श्रोत्यांपुढें हें मांडण्याचें कारण इतकेंच कीं, रंगविलेल्या चेहऱ्याला माणसाचा आवाज कसा द्यावा, हा जो आजचा विषय, त्याची खरी अडचण येथें उघडी दिसते. न हलणाऱ्या ओठांतून शब्द काढावयाचा तो कसा?

पालघर जिल्हा २०१४ सालीं निराळा होण्यापूर्वीं जव्हारचा जिल्हा ठाणें होता. त्याच ठाणें जिल्ह्यांतल्या कल्याणांत या प्रश्नाचें एक नामी उत्तर निघालें, आणि तेंही सिनेमा हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं. महादेव गोपाळ पटवर्धन या गृहस्थांनीं १८९२ सालीं 'शांबरिक खरोलिका' नांवाचा खेळ सुरू केला. शंबर म्हणजे पुराणांतला मायावी असुर, त्यावरून शांबरिक. विलायतेहून येणाऱ्या मॅजिक लँटर्नला हें बारसें! नांव उच्चारतांना जीभ अडखळते खरी. पण परक्या वस्तूस आपलें नांव देण्याची हौस त्या पिढीला होती, आणि मला ती आवडते.

खेळाची रचना अशी. काचेच्या पट्ट्यांवर बारीक कुंचल्यानें चित्रें रंगवावयाचीं. मागें प्रखर दिवा, पुढें भिंग. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था वेगळ्या काचांवर काढून त्या झपाट्यानें बदलल्या, कीं पडद्यावरचें पात्र हालचाल करीत आहे असा भास होई. रामायणांतले प्रसंग अशा रीतीनें दाखवीत. काचेवरची चूक पडद्यावर कितीतरी पटींनीं मोठी दिसते, म्हणून नखाएवढ्या चेहऱ्यावर भुंवईची रेघ काढणें म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. पटवर्धनांचे चिरंजीवही या कामांत त्यांच्याबरोबर होते.

परंतु नुसत्या चित्रावर हा खेळ उभा नव्हता. चित्र उजेडांत, आणि त्याचें बोलणें अंधारांतून. निवेदन, संवाद, गाणें, वाद्यें, हें सारें जिवंत माणसें तेथल्या तेथें करीत. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दिवा फडफडला, काच अडकली, तर बोलणारा आपलें वाक्य लांबवूं शकत असे. प्रेक्षक हंसले तर थांबूं शकत असे. चित्राचा उणेपणा आवाज भरून काढी. पुढें बोलपटाच्या काळांत हा क्रम उलटा झाला. डिस्नेच्या कारखान्यांत आवाज आधीं मुद्रित करीत आणि त्याच्या मापानें, सेकंदाला २४ चौकटी या हिशोबानें, ओठांच्या आकृति मागाहून काढीत. आवाज धनी झाला आणि चित्र त्याच्यामागें चालूं लागलें.

शांबरिक खरोलिकेच्या रंगीत काचा जपून ठेविलेल्या आहेत. १९०२ सालापासून आपल्याकडे गवयांचे आवाज तबकड्यांवर उतरूं लागले. मात्र काचेमागें उभें राहून जो कोणी एका रात्रींत राम आणि रावण दोघांचेंही बोलला, त्याचें वाक्य त्या रात्रीबरोबरच विरून गेलें. चित्रकाराचें काम उरलें. बोलणाऱ्याचें नांवसुद्धां कोणी विचारीत नाहीं.

दादासाहेब फाळक्यांनीं १९१५ सालीं 'आगकाड्यांची मौज' केली. काड्या एकेका चौकटीसाठीं हातानें सरकवून त्यांस नाचविलें. चित्र अर्थातच मूक. १९३४ सालीं प्रभात कंपनीनें 'जंबूकाका' हा बोलका व्यंगपट काढला, आणि १९३९ सालीं जी. के. गोखले यांनीं 'सुपरमॅन्स मिथ' केला. सुपरमॅन हा अमेरिकन वीर तेव्हां अवघ्या एका वर्षाचा होता!

त्याच सुपरमॅनवर अमेरिकेंत फ्लायशर बंधूंनीं १९४१ सालीं कार्टूनमाला सुरू केली. यंत्रमानव, मृत्युकिरण असला विज्ञानकथेचा सारा सरंजाम तींत आहे. पहिल्या भागास सुमारें ५० हजार डॉलर खर्च आला. आठ-दहा मिनिटांच्या चित्रास ही रक्कम त्या काळीं अवाढव्य होती. पैसा गेला तो छायाप्रकाशावर, आणि तो दिसतो. तरीही माझ्या मतें त्या चित्रांतली सर्वांत स्वस्त युक्तिच सर्वांत मोलाची आहे. बड कॉलियर हा नट १९४० पासून रेडिओवर सुपरमॅनचें काम करी; त्यालाच येथें घेतलें. भिडस्त बातमीदाराचें बोलणें तो जरा वरच्या, मऊ पट्टींत करी, आणि तेंच वाक्य पुरें होण्याच्या आंत आवाज खालीं, छातींत उतरवी. कपडे बदलल्याचें चित्र काढण्यापूर्वींच कानांना माणूस बदललेला कळतो. कल्याणच्या अंधारांत ज्यांनीं दोन पात्रें बोलून दाखविलीं, त्यांना हें समजावून सांगावें लागलें नसतें. कार्टूनच्या श्रेयनामावलींत कॉलियरचेंही नांव नव्हतें.

आपल्याकडे विजया मुळे यांनीं १९७४ सालीं 'एक अनेक और एकता' केला. चित्रकाम भीमसैन यांचें. साध्या रेषा, थोडी हालचाल. पण त्यांतलें गाणें बालवयाच्या साधना सरगम यांनीं म्हटलें, आणि चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना तो पोरसवदा स्वर चित्रापेक्षां आधीं आठवतो.

आतांचीं मुलें 'डोरेमॉन' पाहतात. भविष्यकाळांतून आलेलें हें यंत्रमांजर. जपानांत नोबुयो ओयामा या बाईंनीं १९७९ पासून २००५ पर्यंत एकटीनें त्याचा आवाज वाहिला. आमच्या पाड्यांवर तें हिंदींतून येतें. घरीं वारली किंवा कोकणा बोलणारीं, शाळेंत मराठी शिकणारीं मुलें त्या मांजराची हिंदी हुबेहूब करतात. घरच्या बोलींत मात्र चित्र बोललेलें त्यांनीं ऐकलेलें नसतें. मध्यंतरीं एका मुलीस मीं म्हटलें, हेंच तुझ्या आजीला कळेल असें बोल. ती क्षणभर गोंधळली. मग आवाज बारीक करून वारलींत बोलूं लागली, आणि मांजराच्या पोटावरच्या त्या अद्भुत खिशाला तिनें 'झोळी' म्हटलें.